उजवा कान, डावा कान

मेंढ्या डोंगरावरून शनिवारी उतरणार.
आज मंगळवार.
ब्लोंदुओसच्या अलीकडे, संस्थेच्या मागच्या खोलीत,
जिथे लोकरीची पोती आणि जुना प्रिंटर
एकाच कुबट वासात नांदतात,
मी आणि ओर्वार स्क्रीनसमोर.

डेटाबेस तयार आहे, हे आधीच सांगतो.
सतरा तक्ते, चोख:
शेतं, मालक, कानांच्या खुणा, हरवलेल्या, सापडलेल्या,
एकाचा धागा दुसऱ्यात ओवलेला.
पण तक्त्याला दार नसतं.
ते आपण बसवायचं,
आणि इथेच घोडं पेंड खातंय.

ओर्वारला नवं हवंय, देखणं.
गोल कडांची बटणं, सावल्या,
सरकत येणारे पडदे.
"तीन आठवडे," तो म्हणतो.
मी चार बोटं दाखवतो. चार दिवस.

दुसरं एक आहे: चौकट ओढा, चौकट सोडा,
तासाभरात खिडकी उभी.
पण त्याचं भाडं माणशी, महिन्याला,
आणि नेट गेलं की ते मुकं.
वर कोंडवाड्यापाशी नेट असतं
फक्त ह्याल्टीच्या ट्रॅक्टरच्या टपावर
उभं राहिलं तर,
तेही उत्तरेचं वारं नसताना.

तिसरं म्हातारं. राखाडी.
तक्ता बघून फॉर्म स्वतःच काढून देतं,
रकाना तिथे खोका, तारीख तिथे कॅलेंडर.
दिसतं सरकारी दवाखान्यासारखं,
पण चालतं. कुठल्याही लॅपटॉपवर,
बॅटरीत जीव असेतो.

मी म्हातारं निवडलं.
जेवणाआधी फॉर्म हजर. त्रेचाळीस खोके.
आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

दुपारी गुदलौग आली.
एकतीस वर्षं खुणांची वही हिच्याकडे.
हातमोजे न काढता स्क्रीन वाचला,
वरून खाली, मग पुन्हा वर.
"यात पहिलं काय विचारायचं?"
"आयडी," ओर्वार म्हणाला.
"मेंढीला सांगितलायस का तो?"

मग तिने मोजा काढला
आणि माझा कान धरला.
"डोळे मीट.
अंधार आहे. गारा पडतायत. समोर तीनशे.
तुझ्याकडे काय आहे?"
तिची बोटं माझ्या कानाच्या कडेवरून फिरत होती,
थंड, वहीतली ओळ चाचपावी तशी.
"उजवा आधी. टोक छाटलंय की नाही.
खाच पुढून की मागून. मग डावा.
एवढंच विचार. बाकीचं घरी."

एकेचाळीस खोके काढायला
बुधवार गेला आणि गुरुवारही.
बांधायची औजारं झटपट असतात.
काढायचं औजार मला अजून सापडलेलं नाही.
प्रत्येक खोक्यासाठी ओर्वार भांडला,
शेवटी स्वतःच दोन कान काढले,
तळहाताएवढे, मोज्यानेही दाबता येतील असे.
एक जरा गोल झालाय.
माझ्यासारखा दिसतो, असं स्टेइनुन म्हणते.

शनिवार.
लॅपटॉप खुराकाच्या पेटीत, वर प्लास्टिक,
प्लास्टिकवर बर्फाचा चिखल.
ह्याल्टी मेंढीला शिंगांनी धरून ओरडतो,
मी कान दाबतो, नाव येतं,
मेंढी आपल्या कप्प्यात जाते.
चाळीस. नव्वद. दोनशे दहा.
मग एक करडी कोकरी,
दोन्ही कान अखंड.
वसंतात हिच्यापर्यंत चाकू पोचलाच नाही.

फॉर्म अडून बसला:
"खूण आवश्यक आहे."
पुन्हा दाबलं. आवश्यक आहे.
मागे रांग, शिव्या, एक कुत्रा.
गुदलौगने पेटीवरची पेन्सिल उचलली,
खिशातल्या पावतीमागे काहीतरी लिहिलं
आणि कोकरीला सोडलं मोकळ्या कप्प्यात.

रात्री मी एक बटण वाढवलं: "माहीत नाही".
कुठे ठेवायचं ते मात्र ठरेना.
दोन कानांच्या मध्ये
जागा बरीच होती.
तिथेच ठेवलं.